वर्ध्याकडे नवीन आलात? रविवारी सायकल काढा

बदली होऊन इकडे आलेला माणूस आधी उन्हाची चौकशी करतो. मी चिपळूणची. 2011 च्या जूनमध्ये बँकेच्या नोकरीनं सेवाग्रामजवळच्या एका गावात आले, तेव्हा मीही तेच विचारलं होतं. पण मला आधी गाठलं ते काळ्या मातीनं.

जुलैतला रविवार, पाऊस नुकताच उघडलेला. रविवारी सकाळी काही जण सायकलनं फिरायला जातात हे कळलं, म्हणून गेले. परतताना मला शहाणपण सुचलं आणि मी एकटीच पांदणीत शिरले. पांदण म्हणजे शेतात जाणारी बैलगाडीची वाट, आपल्याकडच्या पाणंदीसारखी. कोकणातल्या लाल चिखलाची सवय होती, त्यामुळे वाटलं, त्यात काय एवढं? पन्नास पावलांवर चाक फिरायचंच थांबलं. ही माती ओली झाली की फुगते आणि टायर अन् मडगार्डच्या मध्ये गच्च बसते. सायकल ढकलताही येईना, उचलताही येईना. शेवटी एका काकांनी बाभळीच्या काटकीनं तासभर माती उकरली आणि म्हणाले, "मॅडम, पावसात पांदणीनं कायले जाता?" तेव्हापासून माझा नियम पक्का आहे: पोळा होऊन जमीन वाळेपर्यंत डांबरी सोडायची नाही. दिवाळीनंतर मात्र याच पांदणी सोन्यासारख्या होतात. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आणि तूर, मध्ये चाकोरीच्या दोन गुळगुळीत पट्ट्या.

तेव्हा दुसरी भानगड काट्यांची. बाभळीचा काटा टायरमधून आरपार जातो, आणि सराटे तर दिसतही नाहीत. एक जादा ट्यूब, पंप आणि चाक खोलायचा पाना एवढं सोबत हवंच. पंक्चर काढता येत नसेल तर लाजू नका, कोणीतरी काढून देतं. पण ट्यूब तुमची असावी.

सायकल कोणतीही चालते. आमच्या रविवारच्या टोळीत गिअरची आहे, शाळकरी मुलाची उसनी आणलेलीही आहे. वेग सगळ्यात मागच्या माणसाचा, आणि मागे कोणी राहिलं तर पुढच्या फाट्यावर सगळे थांबतात. साधारण वीस-पंचवीस किलोमीटर होतात. नेहमीची फेरी सेवाग्रामहून आतल्या रस्त्यानं पवनारला. (सेवाग्रामचं जुनं नाव शेगाव. गजानन महाराजांच्या शेगावशी टपालाची गल्लत व्हायची, म्हणून 1940 मध्ये बदललं. माझ्या आत्याला हे अजून पटत नाही, दर फोनला महाराजांचा अंगारा मागते.) पवनारला धाम नदीच्या पात्रात गांधीजींच्या अस्थी विसर्जित केल्या, तिथं स्मारकाची छत्री आहे. वरच्या टेकाडावर विनोबांचा आश्रम. हिवाळ्यात पात्रातल्या खडकांवर बसून अर्धा तास कसा जातो कळत नाही. नागपूरचा मोठा रस्ता ओलांडावा लागलाच तर उतरून, हातात सायकल धरून. आणि समृद्धी महामार्गावर सायकलला परवानगीच नाही, तेव्हा त्याचं नाव काढू नका.

डावीकडून, एकामागे एक. मागचा ओरडतो "गाडी!", तो शब्द पुढच्यानं पुढे द्यायचा. बैलगाडीच्या मागे जाऊन घंटी वाजवू नका, बैल बुजतात. लांबूनच "ओ भाऊ" म्हणा. वेचणीच्या दिवसांत कापसाची ट्रॉली दोन्ही अंगांनी रस्त्याबाहेर फुगलेली असते. ती आली की खाली मुरमावर उतरा, पण डांबराची कड उंच असते, म्हणून आधी थांबा, मग उतरा. अंधारात धुऱ्यावर पाय ठेवू नका. धुरा म्हणजे आपला बांध. रोही (नीलगाय) आणि रानडुकरं येऊ नयेत म्हणून तिथं विजेच्या झटक्याची तार लावलेली असू शकते.

बायकांनी विचारलं की मी एवढंच सांगते: आमच्यात आपण चौघी-पाचजणी आहोत, सलवार-कमीज चालते, ओढणी मात्र चाकात जाणार नाही अशी कमरेला गच्च बांधा.

ऊन? मार्चपासून निघायची वेळ अलीकडे येते. मे महिन्यात साडेपाचला निघून आठच्या आत घरी. पारा 45 च्या वर जातो, नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, आम्ही सायकलला हातच लावत नाही. डोक्याला दुपट्टा, दोन बाटल्या पाणी, घरी आल्यावर पन्हं.

भाषेनं बिचकू नका. "पोट्टे" म्हणजे पोरं, "बुढा" म्हणजे बहुतेक वेळा त्या माणसाचे वडील, "काऊन" म्हणजे का. कोणी "काऊन उशिरा येऊन राहिले?" म्हणालं तर ते रागावलेले नसतात. मी पहिले दोन महिने उगाच माफी मागत होते.

शेवटी टपरीवर तर्री-पोहे होतात. तर्री म्हणजे तिखट रस्सा, ती वेगळी मागा, आधी चमचाभरच घ्या. पहिल्या रविवारी तुमचे पैसे कोणी घेणार नाही, वाद घालू नका. दुसऱ्या रविवारपासून ज्याचे त्यानं द्यायचे.