हेरगिरीची बातमी वाचताना या चुका टाळा

हेरगिरीची बातमी आली की वाचकांचे दोन तट पडतात. एकाला सगळंच खरं वाटतं, दुसरा पत्रकाराला ‘विकलेला’ ठरवून मोकळा होतो. बातमीत सांगितलंय काय, हे दोघांनीही धड वाचलेलं नसतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पेपर मोजणं. १९९४ चं इस्रो प्रकरण घ्या. ऑक्टोबरात तिरुअनंतपुरममध्ये मालदीवच्या मरियम रशीदाला अटक झाली, नोव्हेंबरअखेर शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना. क्रायोजेनिक इंजिनाची (अतिथंड द्रव इंधनावर चालणाऱ्या रॉकेट इंजिनाची) गुपितं पाकिस्तानला विकल्याचा आरोप. मल्याळम दैनिकांत रोज नवा मसाला. इतक्या पेपरांत आलं म्हणजे पक्कंच, असं लोक धरून चालले. पण बहुतेक जण तपासयंत्रणेचीच री ओढत होते. तोंड एक, कर्णे अनेक.

विकायला होतं काय, हे कुणी विचारायचं? रशियाकडून हे तंत्रज्ञान मिळण्याचा करार अमेरिकेच्या दबावाखाली १९९३ मध्येच फिसकटला होता. इंजिन आपल्याकडे तयारच नव्हतं. स्वदेशी क्रायोजेनिक इंजिन लावलेलं जीएसएलव्ही रॉकेट यशस्वी झालं ते थेट जानेवारी २०१४ मध्ये! ही शंका काढायला रॉकेटशास्त्र शिकावं लागत नव्हतं. १९९६ मध्ये सीबीआयने आरोपांत तथ्य नसल्याचा अहवाल दिला. नारायणन यांना ५० लाखांची भरपाई द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं २०१८ मध्ये.

‘अटक झाली म्हणजे काहीतरी असणारच’ हेही त्यातच आलं.

उलट्या बाजूची चूक : सूत्राचं नाव नाही, म्हणजे थाप. हेरगिरीच्या बातमीत नाव छापलं तर सूत्राची नोकरी जाते, कधी तुरुंगही. २००२ मध्ये इराकच्या शस्त्रांबद्दल ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या जुडिथ मिलर निनावी सूत्रांवर लिहीत होत्या आणि ‘नाइट रिडर’ या अमेरिकी वृत्तपत्रसमूहाचे जोनाथन लँडे, वॉरन स्ट्रोबेलही. शस्त्रं आहेत म्हणणाऱ्या मिलर तोंडघशी पडल्या, शंका घेणारे हे दोघे खरे ठरले. त्यांनी बड्या साहेबांऐवजी खालच्या फळीतल्या, कागद प्रत्यक्ष हाताळणाऱ्यांना विचारलं होतं. तेव्हा नाव नसलं तरी माणूस कुठल्या खुर्चीतला आणि बातमीतून त्याला काय मिळणार, ते पाहा.

आणि चूक उघडी पडल्यावर पेपर काय करतो, तेही. इराक अणुबॉम्बसाठी अॅल्युमिनियमच्या नळ्या मिळवू पाहतोय, ही बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पहिल्या पानावर लावली होती. इराकच्या बातम्यांत चुकलो, ही मे २००४ मधली कबुली दहाव्या पानावर आली.