कॅलिपर करायला शिकताना

बीपीओ म्हणजे कॉल सेंटर नव्हे, हे नातेवाइकांना समजावता समजावता साडेचार वर्षं निघून जातात. प्रोस्थेटिक्स-ऑर्थोटिक्सची पदवी ती, म्हणजे कृत्रिम हातपाय आणि कॅलिपर (लुळ्या पायाला बाहेरून बांधायचा आधार) असली साधनं बनवण्याची. मुंबईत हाजी अलीच्या केंद्र सरकारी पुनर्वसन संस्थेत शिकता येते. शेवटचे 6 महिने इंटर्नशिप, मग भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी. ती नसेल तर प्रॅक्टिस करता येत नाही.

पॅराप्लेजियाच्या, म्हणजे दोन्ही पायांतली ताकद आणि संवेदना गेलेल्या पेशंटसाठी मी केलेले पहिले कॅलिपर मांडीपासून पावलापर्यंतचे होते, दोन्ही पायांचे. प्लास्टरचा साचा घासून घासून गुळगुळीत केला होता. पेशंट काका पॅरलल बारमध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंना धरायच्या दांड्यांमध्ये, उभे राहिले, काकूंनी डोळे पुसले, मी हवेत. अर्ध्या तासानं पट्टे सोडले, तर गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला जिथे हाडाचं टोक लागतं, तिथे लालभडक वळ. "दुखलं नाही का हो?" असं मी विचारलं. काका म्हणाले, "तिथलं कळलं असतं तर तुझ्याकडं कशाला आलो असतो, पोरा?"

तेव्हापासून नवे कॅलिपर घातले की 20 मिनिटांनी काढून कातडी बघतो. दाबल्यावर लाली जात नसेल किंवा थोड्या वेळानंही ती राहिली असेल, तर त्या दिवशी पुन्हा घालायचे नाहीत. साच्यावर हाडाच्या जागी प्लास्टर थोडं चढवून उंचवटा ठेवायचा असतो. मी नेमका तोच घासून टाकला होता.

दुसरी गोष्ट खुब्याची. गुडघा ड्रॉप लॉकनं, म्हणजे सांध्यावर खाली सरकणाऱ्या कडीनं, पक्का होतो, घोटा प्लास्टिक धरतं. खुब्याला मात्र स्नायूंचा आधार नसतो. पेशंट कंबर पुढे काढून छाती मागे टाकतो, तेव्हा वजन खुब्याच्या मागून जातं आणि पुढचं लिगामेंट त्याला तोलून धरतं. बसून बसून खुबा आखडलेला असेल तर हे जमत नाही. म्हणून माप घेण्याआधी पेशंटला टेबलावर झोपवून खुबा सरळ होतो का ते पाहा. होत नसेल तर आधी फिजिओथेरपी.

यांत्रिक गुडघ्याचा आस सांध्याच्या फटीपेक्षा साधारण 2 सेंमी वर घ्यायचा. चुकला तर पेशंट बसला की कॅलिपर पायावर सरकतो.

"चालायला लागेल ना?" हा प्रश्न घरचे विचारणारच. कुबड्यांवर दोन्ही पाय एकदम झोकत चालायला खांद्यांची इतकी ताकद जाते, की बहुतेकजण बाहेर व्हीलचेअरच वापरतात. हे माप घेण्याआधी सांगा. माझे एक पेशंट किराणा दुकान चालवतात. रोज तासभर कॅलिपर लावून गल्ल्यामागे उभे राहतात, चालत अजिबात नाहीत. पट्टे झिजले की मात्र लगेच फोन येतो.