मोठ्या कुत्र्याला नवीन घर शोधताय? आधी हे वाचा

पिल्लू कोणीही उचलून नेतं, पण पस्तीस किलोचा पाच वर्षांचा कुत्रा म्हटलं की लोक दोन पावलं मागे जातात, त्यामुळे घाई करू नका, महिना दोन महिने धरूनच चला. नुसते गोंडस फोटो टाकू नका, तो पट्ट्यावर नीट चालतोय, जेवणाचं भांडं ठेवेपर्यंत बसून राहतोय असा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ टाका, मोठ्या कुत्र्याची भीती त्यानेच जाते. आणि खोड्या लपवू नका हं! मांजरामागे धावतो, एकटा राहिला की दार ओरबाडतो, कधी कोणाला चावलाय, जे असेल ते सरळ सांगा, नाहीतर आठ दिवसांत परत येतो आणि बिचारा अजूनच बावरतो.

नसबंदी आणि रेबीजची लस आधीच करून घ्या, लसीचं कार्ड सोबत द्या, मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप, असेल तर तिच्या नोंदीत नव्या मालकाचं नाव-नंबर घालून घ्या (हे हमखास राहतं). घ्यायला येणाऱ्याचं घर एकदा स्वतः बघा, घर भाड्याचं असेल तर मालकाला चालणार आहे का तेही विचारा.

देताना त्याची जुनी चादर न धुता द्या, ओळखीचा वास लागतो त्याला. खाणं तेच आठवडाभर, मग हळूहळू बदला. आणि सुरुवातीचे काही दिवस दार उघडताना पट्टा हातात हवाच, बरेच कुत्रे तेव्हाच पळतात.