कामाच्या मापाने डिझाइनची पद्धत कशी बेतावी

मागणीची नोंद, संकल्पना, गणिते, ड्रॉइंग, पडताळणी, नमुना आणि चाचणी हा क्रम बहुतेक डिझाइन कार्यालयांत तक्त्याच्या रूपात तयारच असतो. तो प्रत्येक कामाला जसाच्या तसा लावला, तर लहान काम कागदांखाली दबते आणि मोठ्या कामात नेमकी जोखमीची जागा निसटते. म्हणून तक्ता बेतण्यापूर्वी हे शोधावे, की या कामातील चूक कोणत्या टप्प्यानंतर सुधारणे महाग किंवा अशक्य होते.

एका मशीनसाठी लागणारी एकच ड्रिल जिग (छिद्र पाडताना नग धरून ड्रिलला नेमक्या जागी नेणारे साधन) घ्या. ड्रिलला वाट दाखवणाऱ्या बुशची (नळीची) जागा चुकली, तर प्लेट पुन्हा करावी लागते आणि नुकसान बहुधा एखाद्या दिवसाचे असते. येथे संकल्पनेचा औपचारिक आढावा आणि गणिताचा अहवाल वगळण्यास हरकत नाही. त्याऐवजी हाताने काढलेले रेखाटन घेऊन ऑपरेटरपाशी अर्धा तास बसावे, कारण चिप्स कोठे साचतात आणि क्लॅम्प आवळताना हात कोठे अडतो, हे त्यालाच ठाऊक असते. मात्र नग तीन बाजूंवर तीन, दोन आणि एक अशा सहा बिंदूंवर टेकवणारी ३-२-१ मांडणी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये, आणि नगाच्या मापात ±०.१ मिमी मुभा असेल, तर जिगचा टॉलरन्स, म्हणजे तिच्या मापातील मुभा, ±०.०३ मिमीच्या आतच ठेवावा.

त्याच टेबलावर प्लॅस्टिकच्या झाकणाचा इंजेक्शन मोल्ड (वितळलेले प्लॅस्टिक दाबाने भरण्याचा पोलादी साचा) आला, की सारे उलटते. एबीएस हे प्लॅस्टिक थंड होताना साधारण ०.४ ते ०.७ टक्के आकसते, तर पॉलिप्रॉपिलीन १ ते २.५ टक्के, म्हणजे १०० मिमी लांबीवर एक-दीड मिमीचा फरक सहज पडतो. पोलाद कापल्यानंतर ग्राहकाने प्लॅस्टिक बदलले, तर तो मोल्ड बहुतेक वेळा वाया जातो. (हे 'किरकोळ बदल' म्हणूनच सांगितले जाते.) त्यामुळे मटेरियलचा लेखी निर्णय आणि सर्वांत कडक आढावा पोलाद कापण्याआधीच घ्यावा. शंका असलेल्या मापांत कोअर पिन (नगातील पोकळी घडवणारा खिळा) किंचित जाड आणि कॅव्हिटी (नगाचा बाहेरचा आकार देणारी पोकळी) किंचित लहान ठेवावी. पोलाद काढणे सोपे असते, वाढवायचे तर वेल्डिंग करावे लागते. ओघानेच दोन-तीन ट्रायल वेळापत्रकात पहिल्यापासून धराव्या लागतात.

एफएमईएचा (काय बिघडू शकते आणि त्याचे परिणाम काय, याच्या विश्लेषणाचा) संपूर्ण तक्ता जिगसाठी भरण्याची गरज नाही, परंतु त्यातील तीव्रतेचा रकाना काम कितीही लहान असले तरी भरावा. कोणाच्या हाताला इजा होण्याचा संभव असेल, तर तेथे दहापैकी ९ किंवा १० गुण येतात आणि त्या भागापुरती पूर्ण पद्धत लावावी लागते.

शेवटी अर्ध्या पानाचे टिपण करावे: कोणता टप्पा गाळला, का गाळला, कोणाच्या संमतीने आणि काय बदलल्यास तो परत आणायचा. उदाहरणार्थ, तीच जिग बाहेरच्या व्हेंडरकडे बनवायला दिली, तर रेखाटनावर भागणार नाही आणि सर्व टॉलरन्ससह ड्रॉइंग काढावे लागेल, ही अट टिपणात पहिल्याच दिवशी लिहावी.