लस टोचण्याआधी मुलाचं वय नीट वाचा

मुलांचं मन वयाप्रमाणे कसं वाढतं हे सांगणारे मानसशास्त्रज्ञ पियाजे आणि एरिक्सन नर्सिंगच्या परीक्षेपुरते पाठ होतात आणि जनता वसाहतीसारख्या वस्तीतल्या लसीकरण सत्रात आठवतही नाहीत. त्यांचा खरा उपयोग तिथंच आहे. मूल हट्टी नसतं, ते त्याच्या वयाप्रमाणे वागत असतं. म्हणून कार्ड हातात आलं की आधी जन्मतारीख बघा, मग व्हायल, म्हणजे लसीची बाटली.

दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचं बाळ: एरिक्सनच्या मते हे विश्वास बसण्याचं वय. बाळाला टेबलावर आडवं दाबून धरू नका, आईच्या मांडीवरच राहू द्या. पोलिओ आणि रोटाचे (जुलाबाच्या विषाणूविरुद्धच्या लसीचे) डोस आधी पाजा. मग आईला अंगावर पाजायला सांगा आणि पाजणं चालू असतानाच पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकत्र लस) 0.5 मिली डाव्या मांडीच्या मधल्या भागात, बाहेरच्या बाजूला द्या. टोचलेली जागा चोळू नका.

ताप आला तर पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं, किलोमागे एका वेळी 10 ते 15 मिग्रॅ. घोळ होतो तो इथे: ड्रॉप्समध्ये 1 मिलीत 100 मिग्रॅ असतं, साध्या सिरपमध्ये 5 मिलीत 120 किंवा 250. सहा किलोच्या बाळाला 0.6 ते 0.9 मिली ड्रॉप्स पुरतात. शेजारणीने सांगितलं म्हणून अडीच मिली ड्रॉप्स पाजले, तर 250 मिग्रॅ पोटात गेलं, म्हणजे तिप्पट-चौपट. बाटलीवरचा आकडा आईसमोर वाचा आणि मात्रा कार्डावर लिहून द्या.

नऊ महिन्यांचं बाळ अनोळखी माणसाला बघून रडतं. आई दिसेनाशी झाली तरी ती कुठेतरी आहे, हे आता त्याला कळतं, म्हणून ते तिला शोधतं. आईला बाहेर थांबवणं इथे सर्वांत वाईट. तुम्ही आधी आईशी बोला, बाळाकडे टक लावून बघू नका, आणि सिरिंज भरून तयार झाल्यावरच जवळ जा.

दीड वर्षाच्या बूस्टरला (आधीच्या लसीचा जोर वाढवणाऱ्या डोसला) मुलाला स्वतःचं चालवायचं असतं. ‘सुई देऊ का?’ असं विचारू नका. तो नाही म्हणणार आणि तुम्ही टोचणारच, मग विचारलं कशाला? जे खरंच त्याच्या हातात आहे तेच विचारा: ‘आईच्या मांडीवर बसतोस की बाबांच्या?’

पाच-सहा वर्षांचा डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर सर्वांत नाजूक. या वयात मूल दुखण्याचा संबंध स्वतःच्या वागण्याशी लावतं. ‘मस्ती केलीस तर सिस्टर सुई देईल’ हे वाक्य आई, आजी, मावशी सगळ्यांच्या तोंडी असतं. ते लगेच, पण प्रेमाने थांबवा आणि मुलालाच सांगा, ‘तू काही चुकला नाहीस. मुंगी चावल्यासारखं होईल, मग संपलं.’ ‘दुखणारच नाही’ असं मात्र सांगू नका, पुढच्या खेपेला ते तुमचं काहीच ऐकणार नाही. सुईच्या भोकातून सगळं रक्त बाहेर येईल अशी भीतीही या मुलांना असते, म्हणून एक छोटी पट्टी लावाच.

दहा आणि सोळा वर्षांच्या टीडीला (धनुर्वात-घटसर्पाच्या लसीला) शाळेत रांग लावून सगळ्यांसमोर टोचू नका. एकाला चक्कर आली की मागचे चार घाबरतात. पडदा लावा, बसवून द्या, अर्धा तास बसवून ठेवा. दहा वर्षांच्या मुलाला लस कशी काम करते ते सोप्या शब्दांत सांगितलं तर ते खांदा स्वतःहून पुढे करतं.

प्रत्येक खेपेला वाढीचे टप्पेही बघा. दोन महिन्यांपर्यंत ओळखीचं हसू, चार महिन्यांपर्यंत मान धरणं, नवव्या महिन्यात आधाराशिवाय बसणं, दीड वर्षापर्यंत चालणं, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलणं. ‘सगळं नीट ना?’ या प्रश्नाला प्रत्येक आई हो म्हणते. त्याऐवजी ‘पाणी हवं असलं की काय करतो?’ असं विचारा. महिने भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाचे टप्पे दोन वर्षांचं होईपर्यंत दुरुस्त वयावर (बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेपासून धरलेल्या वयावर) मोजा, लस मात्र जन्मतारखेप्रमाणेच. टप्पा चुकलेला दिसला तर ‘बघू पुढच्या वेळी’ न म्हणता राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या (मुलांची तपासणी करणाऱ्या सरकारी योजनेच्या) पथकाकडे त्याच दिवशी नाव द्या.