माउसवर हात त्यांचा, आपला नाही

बेळगावच्या वडगावात दर रविवारी मी एका माणसाला एका वेळी कॉम्प्युटर शिकवते. पैसे घेत नाही. तुम्हालाही हे सुरू करायचं असेल तर माझी पहिली चूक आधी सांगते. यळ्ळूरच्या एक मावशी आल्या होत्या, पन्नाशी उलटलेल्या. मी त्यांना सीपीयू म्हणजे काय, मेमरी म्हणजे काय, हे तासभर समजावलं. पुढच्या रविवारी त्या आल्याच नाहीत. घरी जाऊन विचारलं तेव्हा म्हणाल्या, "पोरी, मला आमच्या शेताचा उतारा बघायचा होता."

तेव्हापासून पहिला प्रश्न एकच विचारते : तुम्हाला काय करायचंय? कुणाला मुंबईच्या नातवाला बघायचं असतं, कुणाला शिलाईचं बिल छापायचं असतं. धडा तिथूनच सुरू करायचा.

तर उतारा. कर्नाटकात जमिनीच्या नोंदी 'भूमी' या सरकारी यंत्रणेत असतात. जिल्हा, तालुका, होबळी (तालुक्यातल्या गावांचा गट), गाव निवडायचं आणि सर्व्हे नंबर घालायचा. मावशींना नंबर हिश्श्यासकट तोंडपाठ. अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. उतारा कन्नडमध्ये आणि त्यांची शाळा मराठी. आपल्या भागातल्या कितीतरी जणांचं असंच होतं, आणि 'मला कॉम्प्युटर येत नाही' असं ते म्हणतात तेव्हा खरी अडचण बऱ्याचदा लिपीची असते. शिकवणाऱ्याला थोडं कन्नड वाचता येणं म्हणूनच फार उपयोगाचं. मी एकेका अक्षरावर बोट ठेवून त्यांचं नाव वाचून दाखवलं. त्या बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिल्या.

मग त्यांनी विचारलं, हे मला लिहिता येईल का? इथे इनस्क्रिप्ट कीबोर्ड कामी आला. भारतीय लिप्यांसाठी ठरवलेली ही मांडणी आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. मराठीत 'क' ज्या बटणावर, कन्नडमधला 'क'ही त्याच बटणावर. 'कमल' लिहायला इंग्रजी के, सी, एन ही तीन बटणं. विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबला की भाषा बदलते, मग तीच तीन बटणं पुन्हा दाबायची. एकच शब्द दोन लिप्यांत एकाखाली एक उमटला. इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी लिहायची सोय पटकन जमते हे खरं, पण ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांना ती शिकवू नका. एका अनोळखी लिपीसाठी दुसरी अनोळखी लिपी कशाला?

बसण्याआधी थोडी तयारी लागते. लॅपटॉपला वेगळा माउस जोडा. शेतात किंवा मागावर राबलेल्या रखरखीत बोटांना टचपॅड नीट दाद देत नाही. सेटिंगमध्ये जाऊन डबल क्लिकचा वेग कमी करा, बाण मोठा करा. माउस हातात बसावा म्हणून सॉलिटेअर हा पत्त्यांचा खेळ द्या. पत्ता धरून ओढता ओढता हात आपोआप सैल होतो.

आणि स्वतःचे हात मांडीवर ठेवा. सगळ्यात अवघड हेच आहे. समोरचा माणूस चुकीच्या जागी जातोय हे दिसत असतं, आपला हात शिवशिवतो. पण तुम्ही एकदा माउस घेतलात की ते काम तुमचं झालं. चुकलं तर कंट्रोल आणि झेड दाबा, मागे जाता येतं, एवढंच सांगा. एकेकट्याला शिकवायचं ते याचसाठी. वर्गात शेजारच्या पोराचं आधी झालं की मोठी माणसं लाजून हात काढून घेतात.

वहीत पायऱ्या त्यांनाच लिहू द्या, त्यांच्या शब्दांत. मावशींच्या वहीत ब्राउझरला 'गोल भिंगरी' म्हटलंय. मी ते दुरुस्त केलं नाही.

इंटरनेटला हात लावण्याआधी मात्र एक तास पैशांच्या सुरक्षेला द्याच. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्यालाही नाही. पैसे येणार असतील तर यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. आणि फसवणूक झालीच तर घरात लपवून न ठेवता लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करायचा. हा नंबर मी वहीच्या पहिल्याच पानावर मोठ्या आकड्यांत लिहून घेते.