महाराजांचे शब्द कुठे हरवतात? देवळातले स्वस्त स्पीकर बॉक्स दुरुस्त करताना या चुका टाळा

"आवाज लई मोठा हाय, पन महाराज काय म्हनत्यात त्ये कळंना." हरिनाम सप्ताहात मागच्या खांबाला टेकून बसलेल्या एका आजींनी मला हे सांगितलं, ते वर्ष मी विसरलेलो नाही. त्याच वर्षी आम्ही वर्गणी काढून देवळातल्या दोन्ही बॉक्समधले जुने स्पीकर काढले होते आणि दुप्पट वजनाच्या मॅग्नेटचे नवे घातले होते. पैसे गेले, आणि ऐकू येणं आधीपेक्षा कमी झालं.

त्यानंतर आसपासच्या गावांतले असे पुष्कळ बॉक्स उघडले. साचा ठरलेला: १२ इंची एक स्पीकर, वर पिझो ट्वीटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर), पार्टिकल बोर्डचं खोकं, बाहेरून काळं कार्पेट, मागे दोन जॅक. देवळात, शाळेत, भजनी मंडळाकडे हेच. हे बॉक्स टाकाऊ नाहीत. थोड्या खर्चात त्यांतून स्वच्छ बोलणं ऐकू येऊ शकतं. पण आम्ही केलेल्या चुकाच मला सगळीकडे दिसतात, म्हणून हे लिहितो आहे.

मीटर न लावता स्पीकर बदलणं

बॉक्स बंद पडला की "कॉइल जळली", म्हणजे स्पीकरमधलं तारेचं वेटोळं जळलं, असा निकाल लगेच लागतो. तो लावण्याआधी अँप बंद करा, वायर काढा आणि मल्टीमीटर ओहमवर ठेवून बॉक्सच्या जॅकवर मोजा. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ५.५ ते ६.५ दाखवतो, ४ ओहमचा ३ ते ३.६. आकडा कमी आला म्हणून घाबरू नका. स्पीकरवर छापलेला आकडा सिग्नल चालू असतानाचा असतो, मीटर फक्त तारेचा रोध मोजतो.

काहीच आकडा आला नाही, तर स्पीकर बाहेर काढून थेट त्याच्या टर्मिनलवर मोजा. तिथे आकडा मिळाला तर स्पीकर ठणठणीत आहे. दोष जॅकच्या ढिल्या पट्टीत, आतल्या वायरीत किंवा क्रॉसओव्हरच्या (खालचे-वरचे सूर वेगळे करून दोन स्पीकरना वाटणारं सर्किट) सुटलेल्या डागात शोधायचा. टर्मिनलवरही आकडा नसेल, तर टर्मिनलपासून कोनकडे, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याकडे, जाणारी विणलेली लवचीक तार बघा. कोन सतत हलत असल्याने ती मुळाशी तुटते, आणि तेवढीच बदलता येते.

पिझो ट्वीटर मात्र मीटरवर कधीच आकडा दाखवत नाही, तो चांगला असला तरी. त्याच्यात कॉइल नसते, स्फटिकाची चकती असते. मीटर पाहून फेकून दिलेले कितीतरी पिझो मी परत लावले आहेत.

दोन बॉक्स एकत्र लावल्यावर पखवाजाचा धुम् गायब होत असेल, तर एका बॉक्सच्या वायरी उलट्या लागल्या आहेत. १.५ व्होल्टचा साधा सेल घ्या आणि त्याची धन बाजू स्पीकरच्या धन टर्मिनलला आणि ऋण बाजू ऋण टर्मिनलला क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला पाहिजे. दोन्ही बॉक्स एकाच दिशेने हलतात का, एवढंच पाहायचं.

मोठं मॅग्नेट, मोठा आकडा

आमची सगळ्यात महागडी चूक हीच होती, म्हणून इथे जरा थांबतो.

स्पीकरवर छापलेले वॅट म्हणजे तो किती उष्णता सोसतो याचा आकडा. किती मोठ्याने वाजतो याचा नव्हे. शिवाय तो आकडाही तीन प्रकारे लिहितात: सतत सोसण्याचा, त्याच्या दुप्पट 'प्रोग्रॅम' आणि चौपट 'पीक'. १५० वॅटच्या स्पीकरवर ६०० लिहिलेलं असलं, तर तो पीकचा आकडा असू शकतो. पाहायचं ते दुसऱ्या आकड्याकडे: १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल. याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात. ३ डेसिबल कमी असले की तेवढाच आवाज काढायला अँपला दुप्पट वॅट द्यावे लागतात, १० डेसिबल कमी असले की दहापट.

आता पाहा. पीएचा, म्हणजे सभा-कार्यक्रमांच्या ध्वनिक्षेपणाचा, बरा १२ इंची स्पीकर ९६-९७ डेसिबलचा असतो. गाडीत लावायचा १२ इंची सब-वूफर ८७ च्या आसपास. दिसायला दुसरा दांडगा, जाड रबरी कडा, भलं मोठं मॅग्नेट. पण त्याचा कोन जड असतो आणि तो फक्त खालचे सूर हलवण्यासाठी बनवलेला असतो. तो बॉक्समध्ये घातला की १५० वॅटचं अँप १५ वॅटसारखं वाटतं आणि माणसाच्या बोलण्याचा पट्टा झाकला जातो. आम्ही बसवलेले स्पीकर याच जातीचे निघाले.

दुसरी बाजू खोक्याची. स्पीकर आणि खोकं ही जोडी असते. नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी ऑस्ट्रेलियात १९६० आणि ७० च्या दशकांत या जोडीचं गणित मांडलं, आणि आजही चांगल्या स्पीकरच्या कागदावर त्यांच्या नावाचे आकडे छापलेले असतात. खोक्याच्या आतली लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणा आणि १००० ने भागा, की लिटर मिळतात. ३६, ३० आणि ५५ चं खोकं म्हणजे ५९ लिटर. नवा स्पीकर एवढ्या जागेत आणि आहे त्या पोर्टवर (खोक्याच्या हवेसाठीच्या भोकावर) चालतो का, हे दुकानात विचारा. कागद नसेल तर तो स्पीकर घेऊ नका. आवाज मोकळा होईल म्हणून पोर्टचं भोक वाढवणारेही भेटतात. भोक वाढलं की खोक्याचा सूर वर सरकतो, आणि त्या सुराच्या खाली कोनला आतल्या हवेचा आधार राहत नाही. तो नुसता फडफडतो आणि लवकर फाटतो.

कीर्तनासाठी तर खालचा सूर वाढवायची गरजच नसते. मिक्सरवर माइकच्या चॅनेलला लो-कट (अगदी खालचे सूर कापणारं बटण) असेल तर तो दाबून ठेवा. माइकला हात लागल्याचा धक्का, पावलांचा दणका, पंख्याची हवा हे सगळं त्याने गळतं.

खरी उणीव मधल्या पट्ट्यात असते

टाळ की काळ, हे ऐकणारा कशावरून ओळखतो? ट आणि क यांच्या फरकावरून. स्वर खाली असतात आणि जोरदार असतात, त्यामुळे ते पोचतातच. व्यंजनांची ओळख मात्र बरीचशी २ ते ४ किलोहर्ट्झच्या आसपास आणि त्याच्या वर ठरते. स्वस्त बॉक्समध्ये नेमकी इथेच खिंड असते. १२ इंची कोनची हलणारी रुंदी जेमतेम २६ सेंमी, आणि १३०० हर्ट्झला ध्वनिलहरही तेवढीच लांब असते. त्याच्या वर गेल्यावर आवाज पसरत नाही, टॉर्चच्या झोतासारखा समोर जातो. पिझो ट्वीटर नीट बोलायला लागतो तो ४-५ किलोहर्ट्झच्या पुढे. बॉक्सच्या समोर बसलेल्याला शब्द कळतात, खांबाआडच्या आजींना नुसता स्वर आणि वर टाळांची किणकिण.

म्हणून बॉक्सवर पैसे घालायचेच असतील तर ते इथे घाला: पिझो काढून १ इंच गळ्याचा छोटा कॉम्प्रेशन ड्रायव्हर (हॉर्नमागे बसणारा वरच्या सुरांचा स्पीकर), त्याचा हॉर्न आणि दोन मार्गांचा तयार क्रॉसओव्हर. पण यातही लोक तीन ठिकाणी चुकतात.

पहिलं म्हणजे क्रॉसओव्हर वाचवून एकच कंडेन्सर लावणं. ८ ओहमच्या ट्वीटरला ४.७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर साधारण ४२०० हर्ट्झपासून वरचं सोडतो. जास्त आवाज हवा म्हणून १० मायक्रोफॅरडचा लावला की हद्द २००० वर येते, तीही सौम्य उताराची, म्हणजे खालचे सूर पुरते न अडवणारी, आणि ट्वीटरचा पडदा जातो. ड्रायव्हरच्या कागदावर किमान किती हर्ट्झ, किती उतार हे लिहिलेलं असतं, तेच पाळा. जुना कंडेन्सर बदलायचा झाला तर एनपी, म्हणजे धन-ऋण नसलेलाच घ्या.

दुसरं, हॉर्न वूफरपेक्षा, म्हणजे १२ इंची स्पीकरपेक्षा, फार जोरात असतो. तसाच जोडला तर महाराजांचा प्रत्येक 'स' कानात टोचतो. क्रॉसओव्हरवर सोय नसेल तर ड्रायव्हरच्या आधी रेझिस्टर लावा: ६ डेसिबल कमी करायला ३.९ ओहम ओळीत आणि ८.२ ओहम ड्रायव्हरला समांतर. १० डेसिबलसाठी ५.६ ओळीत आणि ३.९ समांतर. निदान १० वॅटचे घ्या आणि लाकडाला चिकटवू नका, ते तापतात.

तिसरं, ट्वीटरच्या दोन वायरी. काही क्रॉसओव्हरमध्ये त्या उलट लावाव्या लागतात. कोणाला तरी माइकवर बोलायला लावा, दोन्ही प्रकारे जोडून ऐका. ज्यात बोलणं भरीव वाटेल ते ठेवा.

हॉर्नचं भोक कापण्याआधी वूफर बाहेर काढून दूर झाकून ठेवा. जिगसॉचा भुसा आणि स्क्रूचे लोखंडी कण मॅग्नेटच्या फटीत गेले की खरखर जन्मभराची.

पिझोच ठेवायचा असेल तर त्याच्या ओळीत २२ ते ३३ ओहमचा ५ वॅटचा रेझिस्टर टाका. पिझो अँपला कंडेन्सरसारखा दिसतो, काही अँप त्यामुळे बिथरतात.

ट्वीटर पुन्हा पुन्हा उडतो

नवा ट्वीटर आठवड्यात गेला तर दोष ट्वीटरमध्ये शोधू नका. अँपचा लाल क्लिप दिवा बघा. अँप ताणलं की लहरीची डोकी कापली जातात. पूर्ण चौकोनी झालेल्या लहरीत त्याच उंचीच्या गोल लहरीच्या दुप्पट शक्ती असते, आणि कापल्यामुळे तयार झालेले वरचे सूर थेट ट्वीटरकडे जातात. काही बॉक्समध्ये ट्वीटरच्या ओळीत छोटा बल्ब असतो. जास्त शक्ती आली की तो पेटतो आणि ती शक्ती स्वतः खातो. बल्ब गेला म्हणून तिथे तार जोडून देणं ही चूक मी अनेक ठिकाणी काढली आहे. तसाच बल्ब लावा.

रात्र चढते तसा आवाज बसत जातो, आणि लोक व्हॉल्यूम वाढवत जातात. कॉइल तापलेली असते. तांबं २०० अंशांपर्यंत तापलं तर ५.८ ओहमची कॉइल जवळजवळ १० ओहमची होते. व्हॉल्यूम वाढवला की ती आणखी तापते. अभंग आणि निरूपण यांच्या मधल्या वेळात तिला निवू द्या.

रिकोन

कोन बोटांनी समोरासमोरून सारखा दाबल्यावर घासल्याचा आवाज आला, तर कॉइल वाकली आहे किंवा फटीत कचरा आहे. रिकोन, म्हणजे कोन आणि कॉइल नव्याने बसवणं, करून घ्यायचं असेल तर कॉइलचा व्यास, उंची आणि ओहम जुन्याएवढेच हवेत, आणि कोनचं वजनही. जड कोन लावला की स्पीकरची जातच बदलते. कारागिराला एक गोष्ट आवर्जून सांगा: फट चिकटपट्टीने साफ करून, एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या लावून कॉइल मधोमध बसवावी आणि डिंक पुरा वाळेपर्यंत, निदान २४ तास, पट्ट्या काढू नयेत. संध्याकाळी कार्यक्रम आहे म्हणून घाईने काढलेला स्पीकर महिनाभरात परत येतो.

खोकं, पाऊस आणि उंदीर

पार्टिकल बोर्ड पाण्याने फुगतं आणि परत बसत नाही. पावसाळ्यात देवळाच्या फरशीवर ठेवलेल्या बॉक्सचा तळ आधी जातो. तळ फुगला असेल तर पुट्टीने लिंपू नका, तो कापून १८ मिमी प्लायचा नवा लावा. उघड्या कडांना पातळ फेविकॉलचे दोन हात द्या. स्पीकरचे स्क्रू बोर्डात फिरत असतील तर जाड स्क्रू हा उपाय टिकत नाही. आतून टी-नट (लाकडात रुतणारा दातेरी नट) बसवा, बाहेरून बोल्ट.

मग गळती. कार्यक्रमाच्या आवाजात बॉक्स वाजत असताना हँडल, जॅकची प्लेट आणि सांधे यांच्याजवळ ओला हात धरा. फुसफुस जाणवली तिथे फोमची पट्टी किंवा फेविकॉल आणि भुशाचा लगदा भरा. मागची आणि बाजूची फळी बोटाने ठोकून पाहा. ढोलासारखी घुमत असेल तर आतून एक आडवी पट्टी चिकटवा. नुसत्या या कामाने आवाज सुधारलेले बॉक्स मी पाहिले आहेत.

पोर्टमधून उंदीर आत जातात, कोन कुरतडतात, वायरी खातात. आतून मोठ्या छिद्रांची जाळी लावा. बारीक जाळी हवा अडवते आणि शिट्टी वाजवते. हॉर्नच्या तोंडात कुंभारीण माशीचं मातीचं घर असू शकतं, तेही पाहा.

वायर आणि अँप

स्वस्त १४/७६ वायर (१४ बारीक तारांची) म्हणजे ०.४ चौरस मिमी तांबं. २० मीटर लांब ओढली की जाऊन-येऊन १.६ ओहमच्या वर रोध होतो. ४ ओहमच्या भाराला मग निम्मीच शक्ती पोचते. निदान ४०/७६ घ्या, लांब पल्ल्याला २.५ चौरस मिमी.

८ ओहमचे चार बॉक्स एकाच चॅनेलला समांतर जोडले की २ ओहम होतात, आणि बहुतेक स्वस्त अँप तेवढं सोसत नाहीत. भोंग्यांच्या अँपवर ४, ८, १६ ओहमच्या शेजारी १०० व्होल्टचं टर्मिनल असतं. ते ट्रान्सफॉर्मर असलेल्या भोंग्यांसाठी आहे. तिथे ८ ओहमचा बॉक्स जोडणं म्हणजे अँपकडून १२५० वॅट मागणं. स्पीकर किंवा अँप, एकाला किंमत मोजावी लागते. आणि ५२००-१९४३ ट्रान्झिस्टरच्या जोड्यांचं, ट्रान्सफॉर्मर नसलेलं अँप असेल, तर दुरुस्त बॉक्स जोडण्याआधी आउटपुटवर डीसी (एकाच दिशेचा, सेलसारखा दाब) मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत हवा. ट्रान्झिस्टर शॉर्ट असेल तर डीसी थेट कॉइलमध्ये जातो, आणि आदल्या दिवशी रिकोन केलेला स्पीकर पुन्हा जळतो.

सगळं जोडून झालं की बॉक्स फरशीवरून उचला, बसलेल्यांच्या डोक्याच्या वर जातील एवढ्या उंचीवर ठेवा आणि तोंड किंचित खाली करा. एकाला माइकवर वर्तमानपत्रातले बाजारभाव वाचायला सांगा. भाव बोलताना आकडे आणि धान्यांची नावं अंदाजाने ओळखता येत नाहीत, नीट ऐकावीच लागतात. दुसऱ्याने वही घेऊन मागच्या खांबाआड बसावं आणि ऐकू आलेलं लिहावं. मग दोन्ही कागद ताडून पाहा.